कर्करोगाची शस्त्रक्रिया आणि रक्ताची बाटली : भीती किती, गरज किती?

कर्करोगाची शस्त्रक्रिया ठरली, की घरात दोन मते ऐकू येऊ लागतात. एक मत असे : "खर्चाचा विचार करू नका, आधीच दोन-तीन बाटल्या रक्त चढवा, म्हणजे अंगात ताकद राहील." दुसरे मत याच्या अगदी उलट : "परक्याचे रक्त घेतले की कर्करोग उलटतो म्हणतात, काही झाले तरी रक्त घेऊ नका." दोन्ही मते मांडणारी माणसे रुग्णाच्या जिवाभावाचीच असतात. पण संमतिपत्रावर सही करणाऱ्या थोरल्या मुलाच्या किंवा भावाच्या मनाची मात्र या ओढाताणीत कोंडी होते. एकाचे ऐकून नको ते रक्त मागितले जाते, दुसऱ्याचे ऐकून हवे ते नाकारले जाते. दोन्हींत नुकसान रुग्णाचेच होते.

रक्त चढवल्याने कर्करोगाच्या रुग्णाचे आयुष्य कमी होते का, हा प्रश्न वैद्यकशास्त्राने गेली चाळीसहून अधिक वर्षे गांभीर्याने तपासला आहे. त्या शोधातून काय हाती आले आणि त्यावरून कुटुंबाने कसे वागावे, हे समजून घेण्याचा हा प्रयत्न आहे.

शंकेचा उगम

या शंकेचे मूळ कर्करोगात नाही, मूत्रपिंडाच्या प्रत्यारोपणात आहे. १९७३ साली अमेरिकेतील लॉस एंजलिस येथे गेर्हार्ड ओपेल्झ आणि पॉल तेरासाकी या संशोधकांना एक चमत्कारिक गोष्ट आढळली. ज्या रुग्णांना प्रत्यारोपणापूर्वी परक्याचे रक्त चढवले गेले होते, त्यांच्या शरीरात दुसऱ्याचे मूत्रपिंड अधिक काळ टिकत होते. याचा अर्थ असा लावला गेला, की परक्या रक्तामुळे शरीराची प्रतिकारशक्ती काहीशी शिथिल होते आणि म्हणून ती परक्या अवयवावर कमी तुटून पडते.

मूत्रपिंडाच्या रुग्णाला हे वरदान होते. परंतु कर्करोगाच्या रुग्णाचे काय? शस्त्रक्रियेनंतर शरीरात चुकून मागे राहिलेल्या कर्कपेशींचा समाचार घेण्याचे काम याच प्रतिकारशक्तीला करावे लागते. ती शिथिल झाली तर रोगाला मोकळे रान मिळेल, अशी शंका १९८१ साली 'लॅन्सेट' या ख्यातनाम वैद्यकीय नियतकालिकात व्यक्त झाली. पुढच्याच वर्षी त्याच नियतकालिकात न्यूयॉर्कच्या बरोज आणि टार्टर यांनी मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या रुग्णांची पाहणी प्रसिद्ध केली. शस्त्रक्रियेच्या वेळी रक्त चढवलेल्या रुग्णांमध्ये रोग पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण अधिक होते. तेव्हापासून जगभर अशा पाहण्यांचा ओघ सुरू झाला.

२००६ साली मोठे आतडे व गुदाशय यांच्या कर्करोगाविषयीचे असे ३६ अभ्यास एकत्र करून पाहण्यात आले. त्यांत १२,१२७ रुग्णांची माहिती होती. रक्त चढवलेल्यांमध्ये रोग उलटण्याची शक्यता न चढवलेल्यांच्या तुलनेत सुमारे १.४ पट दिसली. मात्र हा आढावा घेणाऱ्यांनीच पुढे स्पष्ट केले, की हे अभ्यास परस्परांहून फार भिन्न असल्याने रक्त हेच कारण आहे असा निष्कर्ष त्यांवरून काढता येत नाही. घरोघरी पोहोचली ती यातली पहिली ओळ. दुसरी वाटेतच राहिली.

कर्जाने बुडाला की तोट्याने?

व्यापारी कुटुंबाला ही गुंतागुंत समजण्यास फार वेळ लागू नये. बाजारात ज्या पेढ्या वारंवार कर्ज काढतात, त्यांपैकी अधिक पेढ्या बुडतात, हे खरे. पण त्या कर्जामुळे बुडाल्या, की ज्या तोट्यामुळे कर्ज काढावे लागले त्या तोट्याने बुडाल्या? केवळ कर्जाची वही पाहून याचे उत्तर मिळत नाही.

रक्ताचेही तसेच आहे. शस्त्रक्रियेत रक्त कोणाला लागते? ज्याची गाठ मोठी व खोलवर पसरलेली आहे, ज्याचे हिमोग्लोबिन आधीच उतरलेले आहे, ज्याचे वय अधिक आहे, ज्याला हृदयविकार आहे, ज्याची शस्त्रक्रिया अवघड झाली आणि लांबली, अशा रुग्णाला. या प्रत्येक गोष्टीने आयुष्यमान स्वतंत्रपणे कमी होते. तेव्हा रक्त घेतलेल्यांची प्रकृती पुढे अधिक बिघडली, यात सगळा दोष रक्ताचा असेलच असे नाही.

हे कोडे सोडवण्यासाठी नेदरलँड्समधील डॉक्टरांनी नेमका उपाय योजला. मोठे आतडे व गुदाशयाच्या कर्करोगाच्या ४७५ रुग्णांचे त्यांनी चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गट केले. एका गटाला गरज पडल्यास नेहमीप्रमाणे दात्याचे रक्त द्यायचे. दुसऱ्या गटाने शस्त्रक्रियेपूर्वी स्वतःचेच रक्त रक्तपेढीत ठेव म्हणून ठेवायचे आणि गरज पडल्यास तेच परत घ्यायचे. परके रक्त हेच रोग उलटण्याचे कारण असेल, तर स्वतःचे रक्त घेणारे अधिक जगायला हवे होते. १९९३ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. चार वर्षांनंतर कर्करोगापासून वाचलेल्यांचे प्रमाण दात्याच्या रक्ताच्या गटात ६७ टक्के होते, तर स्वतःच्या रक्ताच्या गटात ६२ टक्के. हा फरक संख्याशास्त्राच्या दृष्टीने दखल घेण्याजोगा नव्हता, आणि जो होता तोही अपेक्षेच्या उलट दिशेचा.

याच अभ्यासातील आणखी एक गोष्ट फार बोलकी आहे. ज्यांना रक्त मुळीच लागले नाही, त्यांच्या तुलनेत दात्याचे रक्त घेतलेल्यांमध्ये रोग उलटण्याचे प्रमाण सुमारे दुप्पट होते, आणि स्वतःचेच रक्त घेतलेल्यांमध्येही ते जवळजवळ तेवढेच होते. स्वतःच्या रक्ताने तर प्रतिकारशक्ती परकेपणामुळे शिथिल होत नाही. म्हणजे रक्त कोणाचे, यापेक्षा रक्त लागण्याची वेळ का आली, हे अधिक महत्त्वाचे ठरले.

दुसरी शंका दात्याच्या रक्तातील पांढऱ्या पेशींविषयी होती. प्रतिकारशक्तीवरील परिणाम त्यांच्यामुळेच होत असावा, असा तर्क होता. १९९४ साली नेदरलँड्समध्येच ६९७ रुग्णांवर केलेल्या अभ्यासात या पेशी गाळलेले रक्त आणि नेहमीचे रक्त यांची तुलना झाली. दोन्ही गटांतील रुग्ण सारखेच जगले. रक्त घेतलेल्यांपैकी तीन वर्षांनी ६९ टक्के हयात होते, न घेतलेल्यांपैकी ८१ टक्के. हा फरक मोठा आहे, पण कर्करोग उलटण्याच्या प्रमाणात मात्र दोहोंत तसा लक्षणीय फरक आढळला नाही. पांढऱ्या पेशी गाळून घेण्याचे इतर लाभ मात्र आहेत. रक्त चढवताना येणारा ताप त्याने कमी होतो. ब्रिटनमध्ये तर वेगळ्या कारणासाठी, म्हणजे मेंदूच्या एका दुर्मीळ आजाराच्या भीतीने, १९९९ पासून सर्वच रक्त गाळून देण्याची पद्धत आहे.

परके रक्त प्रतिकारशक्तीच्या दृष्टीने पूर्णपणे निरुपद्रवी आहे, असाही याचा अर्थ नव्हे. रक्त चढवल्यावर शस्त्रक्रियेनंतरचा जंतुसंसर्ग वाढल्याचे अनेक पाहण्यांत दिसले आहे. म्हणून आजचे वैद्यकशास्त्र रक्ताला विषही मानीत नाही आणि टॉनिकही मानीत नाही. ते एक प्रभावी औषध आहे. योग्य वेळी, योग्य मात्रेत ते प्राण वाचवते. उगाच दिले तर लाभ नाही आणि धोका मात्र पदरात पडतो.

किती रक्त पुरेसे?

पूर्वी हिमोग्लोबिन १० च्या खाली गेले की रक्त चढवावे, असा सर्रास प्रघात होता. १९९९ साली कॅनडात ८३८ अत्यवस्थ रुग्णांवर झालेल्या अभ्यासाने या प्रघाताला धक्का दिला. हिमोग्लोबिन ७ च्या खाली गेल्यावरच रक्त दिलेल्या गटात ३० दिवसांतील मृत्यू १८.७ टक्के होते, तर १० च्या खाली जाताच रक्त दिलेल्या गटात २३.३ टक्के. कमी रक्त दिल्याने अपाय झाला नाही, हा त्यातील बोध होता. त्यानंतर स्थिर प्रकृतीच्या बहुतेक रुग्णांसाठी ७ ही मर्यादा जगभर स्वीकारली गेली. हृदयविकार असलेल्यांना ती थोडी वर, ८ च्या आसपास ठेवली जाते.

एवढे वाचून कोणी "डॉक्टर, ७ झाल्याशिवाय रक्त देऊ नका" असा हट्ट धरू नये, कारण या गोष्टीला दुसरी बाजूही आहे. ब्राझीलमधील साओ पाउलो येथे पोटातील कर्करोगाची मोठी शस्त्रक्रिया होऊन अतिदक्षता विभागात आलेल्या १९८ रुग्णांचा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. तेथे ९ ही मर्यादा पाळलेल्या गटात ३० दिवसांत ८.२ टक्के रुग्ण दगावले, तर ७ पर्यंत थांबलेल्या गटात २२.८ टक्के. हा एकाच रुग्णालयातील, मोजक्या रुग्णांचा अभ्यास आहे, त्यामुळे तोच अंतिम शब्द नव्हे. पण मोठ्या कर्कशस्त्रक्रियेनंतरच्या नाजूक घडीला रक्त नाकारणे जिवावर बेतू शकते, याची जाणीव तो नक्कीच देतो.

म्हणून नुसत्या आकड्यावर निर्णय होत नाही. नाडी किती, रक्तदाब कसा, लघवी पुरेशी होते का, छातीत दुखते का, रक्तस्राव चालू आहे का, हे सारे पाहून डॉक्टर ठरवतात. रक्तस्राव चालू नसेल तर एक बाटली द्यावी, पुन्हा तपासावे आणि मगच दुसरीचा विचार करावा, ही आजची शिस्त आहे. प्रौढ व्यक्तीला एका बाटलीने हिमोग्लोबिन साधारण १ ने वाढते. "एक दिलीच आहे, तर आणखी एक देऊन टाका" या आग्रहाला त्यामुळे अर्थ उरत नाही.

खरी कमाई शस्त्रक्रियेपूर्वीची

रक्त लागण्याची वेळ का येते, हाच प्रश्न महत्त्वाचा असेल, तर कुटुंबाने लक्ष घालण्याची जागा शस्त्रक्रियागृहाच्या दारात नाही. ती त्याआधीच्या दोन-चार आठवड्यांत आहे. हिमोग्लोबिन ९ असताना शस्त्रक्रियेला जाणारा रुग्ण आणि १२ असताना जाणारा रुग्ण यांचा तेवढाच रक्तस्राव झाला, तरी पहिल्याला रक्त लागण्याची शक्यता अधिक असते. निदान झाल्यापासून शस्त्रक्रियेपर्यंत जो काळ मिळतो, तो नुसता रुग्णालय निवडण्यात आणि नातलगांना कळवण्यात जाऊ नये. पहिल्याच भेटीत हिमोग्लोबिन, लोहाचा साठा दाखवणारी फेरिटिन तपासणी आणि जीवनसत्त्व बी-१२ यांची विचारणा करावी.

आपल्या देशात रक्तक्षय घरोघरी आहे. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रिया आणि २५ टक्के पुरुष रक्तक्षयाने ग्रस्त आढळले. शाकाहारी कुटुंबांनी यात दोन गोष्टी विशेष ध्यानात ठेवाव्यात. वनस्पतिजन्य अन्नातील लोह शरीर कमी प्रमाणात शोषून घेते. आणि बी-१२ वनस्पतींत जवळजवळ नसतेच, शाकाहाऱ्याला ते मुख्यतः दूध, दही, ताक यांतून मिळते. रोजच्या जेवणात हरभरा, कुळीथ, राजगिरा, तीळ, अळीव असावेत, त्यांसोबत लिंबू किंवा आवळा घ्यावा आणि जेवणाला लागून चहा टाळावा. क जीवनसत्त्वाने लोहाचे शोषण वाढते आणि चहाने ते घटते.

परंतु शस्त्रक्रिया तीन आठवड्यांवर आली असेल, तर नुसत्या आहाराने ती तूट भरून निघत नाही. तेव्हा लोहाच्या गोळ्या लागतात, आणि गोळ्या सोसत नसतील किंवा वेळ थोडा असेल तर शिरेतून लोह द्यावे लागते. बी-१२ कमी असेल तर त्याची इंजेक्शने मिळतात. यालाही मर्यादा आहेत. २०२० साली ब्रिटनमधील ४८७ रुग्णांच्या अभ्यासात पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रियेपूर्वी शिरेतून लोह दिल्याने हिमोग्लोबिन वाढले, पण रक्त लागणाऱ्यांची किंवा दगावणाऱ्यांची संख्या त्याने घटली नाही. लोह हा एकच उपाय नसून पूर्वतयारीचा एक भाग आहे. त्या काळात दीर्घ उपवास, एकाशन किंवा आयंबिलाची मालिका करावयाची असेल, तर आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्या सर्जनला सांगाव्यात, स्वतःच्या मनाने बंद करू नयेत.

येथेच एक धोक्याची सूचना देणे अगत्याचे आहे. पन्नाशी ओलांडलेल्या पुरुषाचे किंवा पाळी थांबलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन उतरले, की आपल्याकडे सहज म्हटले जाते, "शाकाहारी आहोत, एवढे चालायचेच." ही समजूत महागात पडते. मोठ्या आतड्याच्या किंवा जठराच्या कर्करोगातून थेंब थेंब रक्त जात असते, ते डोळ्यांना दिसत नाही आणि पहिली खूण म्हणून केवळ थकवा व रक्तक्षय दिसतो. या वयात लोहाच्या कमतरतेने झालेला रक्तक्षय नुसत्या गोळ्यांनी झाकू नये, तो कशामुळे झाला याचा शोध घ्यावा. डॉक्टरांनी दुर्बिणीची तपासणी सुचवली तर टाळाटाळ करू नये. रोग लवकर सापडला, तर शस्त्रक्रिया सोपी होते आणि रक्त लागण्याचा प्रसंगही टळू शकतो.

"घरचेच रक्त हवे, ताजेच हवे"

आपल्या कुटुंबांत आपुलकी मोठी. वडिलांना रक्त लागणार म्हटल्यावर मुले, पुतणे, भाचे रांगेत उभे राहतात आणि "आमचेच रक्त द्या, बाहेरचे नको" असा आग्रह धरतात. भावना स्तुत्य आहे, परंतु शास्त्र वेगळे सांगते. जवळच्या रक्तनात्यातील माणसाच्या पांढऱ्या पेशी रुग्णाच्या पेशींशी इतक्या मिळत्याजुळत्या असू शकतात, की रुग्णाचे शरीर त्यांना परके म्हणून ओळखत नाही आणि नष्ट करीत नाही. त्या पेशी मात्र रुग्णाच्या शरीराला परके मानून त्वचा, यकृत, आतडी आणि अस्थिमज्जा यांवर हल्ला चढवतात. हा प्रकार अगदी विरळा घडतो, पण घडला तर रुग्ण क्वचितच वाचतो. म्हणून आई-वडील, भावंडे, मुले यांचे रक्त द्यावयाचेच असेल, तर ते किरणोत्सर्गाची प्रक्रिया केल्यावरच देतात. नातलगांनी रक्तदान अवश्य करावे, मात्र ते रक्तपेढीत जमा होऊन दुसऱ्या कोणाला जावे आणि आपल्या रुग्णाला अनोळखी दात्याचे तपासलेले रक्त मिळावे, हे उत्तम. नाते असेल तर रक्तपेढीला तसे आवर्जून सांगावे.

ताज्या रक्ताचा हट्टही असाच निराधार आहे. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या, २,४३० अत्यवस्थ रुग्णांच्या अभ्यासात ताजे रक्त मिळालेल्यांपैकी ९० दिवसांत ३७ टक्के दगावले आणि साठवलेले रक्त मिळालेल्यांपैकी ३५.३ टक्के. ताजेपणाचा काहीही लाभ दिसला नाही.

आणि "मग आपले स्वतःचेच रक्त आधी काढून ठेवले तर?" असे कोणी विचारील. कर्करोगाच्या रुग्णाचे रक्त आधीच कमी असते. त्यातून आणखी काढले तर तो शस्त्रक्रियेला आणखी अशक्त होऊन जातो. त्यामुळे ही पद्धत आता फारशी वापरात नाही.

डॉक्टरांना विचारावयाचे प्रश्न

शस्त्रक्रियेपूर्वीच्या भेटीत कुटुंबातील एकाच जबाबदार व्यक्तीने हे प्रश्न लिहून न्यावेत आणि उत्तरेही लिहून घ्यावीत :

१. रुग्णाचे हिमोग्लोबिन किती आहे, आणि कमी असेल तर त्याचे कारण काय?
२. शस्त्रक्रियेस धोका न होता ते वाढवण्यासाठी किती दिवस मिळू शकतील? कर्करोगात विनाकारण विलंबही हिताचा नसतो.
३. या शस्त्रक्रियेत साधारणतः रक्त लागते का, आणि किती बाटल्यांची तयारी ठेवावी?
४. दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करून किंवा रक्तस्राव कमी करणारी औषधे देऊन रक्ताची गरज कमी होईल का?
५. पांढऱ्या पेशी गाळलेले रक्त उपलब्ध आहे का?
६. नंतर रक्त देण्याचा निर्णय कोणत्या लक्षणांवरून घेतला जाईल?

हे विचारून झाले, की शस्त्रक्रियेच्या दिवशी निर्णय डॉक्टरांवर सोपवावा. टेबलावर रक्तस्राव होत असताना, बाहेर बसलेल्या नातलगांनी कुठेतरी ऐकलेल्या गोष्टीवरून रक्ताला नकार देणे, यासारखी घातक गोष्ट नाही.

समाजाने करावयाचे काम

महावीर जन्मकल्याणकास, थोरांच्या पुण्यतिथीस आपल्याकडे रक्तदान शिबिरे उत्साहाने होतात. त्या उत्साहाला थोडा हिशेब जोडला, तर त्याचे फळ कितीतरी वाढेल. तांबड्या पेशी ३५ ते ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट तर केवळ ५ दिवस. म्हणून एकाच दिवशी पाचशे बाटल्या जमवण्यापेक्षा वर्षभर दर महिन्याला चाळीस-पन्नास दात्यांनी रक्त देणे रक्तपेढीच्या अधिक उपयोगी पडते. उन्हाळ्याच्या व दिवाळीच्या सुट्ट्यांत महाविद्यालये बंद असतात आणि शिबिरे थंडावतात. नेमक्या त्याच काळात व्यापारी संघटनांनी पुढाकार घ्यावा. कर्करोगाच्या रुग्णांना केमोथेरपीच्या काळात प्लेटलेटही लागतात, तेव्हा प्लेटलेट देण्यास तयार असलेल्या तरुणांची यादी प्रत्येक गावच्या मंडळाजवळ असावी.

१८ ते ६५ वयाच्या, ४५ किलोपेक्षा अधिक वजनाच्या आणि हिमोग्लोबिन किमान १२.५ असलेल्या निरोगी व्यक्तीला रक्त देता येते. पुरुषांनी दोन रक्तदानांत ९० दिवसांचे आणि स्त्रियांनी १२० दिवसांचे अंतर ठेवावे. शिबिरात हिमोग्लोबिन कमी म्हणून परत पाठवलेल्या भगिनींची नोंद ठेवून त्यांच्यावर उपचार होतील असे पाहावे. आज परत गेलेली ती भगिनी उद्या दाती होऊ शकेल, आणि पुढे कधी तिच्यावर शस्त्रक्रियेची वेळ आलीच तर तिला रक्त लागण्याची शक्यता कमी होईल.

सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १ जानेवारी १९९८ पासून आपल्या देशात पैसे घेऊन रक्त देणे बंद झाले. तेव्हापासून प्रत्येक बाटलीमागे कोणातरी अनोळखी माणसाचे निरपेक्ष दान उभे आहे. हे दान अनाठायी खर्च करू नये आणि गरजेच्या वेळी भीतीपोटी नाकारूही नये. कर्करोगाशी झुंजणाऱ्या आपल्या माणसासाठी कुटुंबाने करण्याजोगे खरे काम म्हणजे त्याचे रक्त शस्त्रक्रियेपूर्वी भरून काढणे, आणि एरवी वर्षभर इतरांसाठी स्वतः रक्त देत राहणे.